मॅकवरचा विंडोज प्रोग्राम पुन्हा पुन्हा बिघडतोय? बाटली पुसण्याआधी हे तपासा

"ताई, परत तेच झालंय बघा."

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानातून दिवाणजींचा हा फोन मला एका हंगामात चार वेळा आला. 'तेच' म्हणजे दोन गोष्टी. एक तर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालविक्रीच्या पावत्या, काढायचा जुना विंडोज प्रोग्राम मॅकवर उघडतच नाही. नाहीतर उघडतो, पण पट्टीवर तारीख भलतीच छापतो. पाच नोव्हेंबरच्या सौद्याला गूळ घातलेल्या शेतकऱ्याच्या हातात अकरा मे तारखेची पट्टी. त्या माणसाला तीच पट्टी सोसायटीत दाखवायची असते, घरात भावाभावांचा हिशेब तीवरच व्हायचा असतो. त्याच्या घामाचा तेवढाच एक कागदी पुरावा असतो. म्हणून हे प्रकरण मी मुळापर्यंत शोधलं, आणि ज्यांच्याकडे असंच काही अडलं असेल त्यांच्यासाठी सगळं लिहून काढतेय.

दुकानातली परिस्थिती अशी. विंडोजचा जुना पीसी एका पावसाळ्यात कायमचा बंद पडला. मालकांचा मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा त्याचा एम१ चिपचा मॅकबुक एअर दुकानात ठेवून गेला. पट्ट्यांचा प्रोग्राम वीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेला. आडत, हमाली, तोलाई, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, सगळं यार्डाच्या रिवाजाप्रमाणे बसवलेलं. तसा दुसरा प्रोग्राम बाजारात मिळत नाही आणि दिवाणजींचा हात त्यावरच बसलाय. मॅकवर विंडोज टाकायचं, त्याचा परवाना घ्यायचा, एवढ्या एका कामासाठी ते जड होतं. म्हणून मालकांच्या भाच्याने वाइन, म्हणजे विंडोज न टाकता विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून तो प्रोग्राम चालू केला. चांगलं काम केलं त्याने. पण दर वेळी काही अडलं की तो जुनी बाटली पुसायचा आणि नवी करायचा. मूळ दुखणं तसंच राहायचं आणि आधी केलेली दुरुस्ती मात्र बाटलीबरोबर जायची.

आधी प्रत, मग दुरुस्ती

ज्यांना बाटली हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: वाइन तुमच्या मॅकवर एक फोल्डर तयार करते आणि विंडोजच्या प्रोग्रामला भासवते की हीच तुझी सी ड्राइव्ह. त्या फोल्डरात प्रोग्राम फाइल्स असतात, विंडोज नावाचं फोल्डर असतं, रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, असते. या सगळ्या गाठोड्याला बाटली म्हणतात. तुमचा प्रोग्राम त्याचा डेटा सी ड्राइव्हवरच ठेवत असेल, आणि जुने प्रोग्राम बहुतेक तसंच करतात, तर बाटली पुसली म्हणजे वर्षाचा हिशेब पुसला. त्या दुकानात हे घडता घडता वाचलं, कारण दिवाणजी रोज संध्याकाळी डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचे. जुन्या पीसीपासूनची सवय.

वाइन थेट वापरत असाल तर बाटली तुमच्या होम फोल्डरात लपलेली असते. फाइंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब एकदम दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. नावाच्या आधी टिंब असलेलं वाइनचं फोल्डर तेच. क्रॉसओव्हर, म्हणजे वाइनचं विकतचं रूप, वापरत असाल तर बाटली एका फाइलीत बांधून ठेवायची सोय त्याच्या मेनूतच आहे. हाताने प्रत घेणार असाल तर एक काळजी घ्या. ते फोल्डर उचलून थेट पेनड्राइव्हवर टाकू नका. बाटलीच्या आत सी ड्राइव्ह, झेड ड्राइव्ह या नावांचे नुसते दुवे असतात, खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारे, आणि एक्सफॅटवर फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हला असे दुवे ठेवता येत नाहीत. आधी मॅकवरच फोल्डरची झिप करा, मग ती झिप हलवा.

प्रत झाली? आता पुढे.

बिघाड कुठल्या मजल्यावर आहे

मॅकवर चालणारा विंडोजचा प्रोग्राम एकावर एक रचलेल्या मजल्यांवर उभा असतो. तळाला मॅकओएस. त्यावर, अ‍ॅपलची स्वतःची चिप असेल तर, रोझेटा, म्हणजे इंटेलचे प्रोग्राम त्या चिपला समजावणारा दुभाषी. त्यावर वाइन. त्यावर बाटली. आणि सगळ्यात वर तुमचा प्रोग्राम.

वाइन ही विंडोजची नक्कल चालवणारी यंत्रणा नव्हे. तिच्या नावाचा विस्तारच 'वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर' असा आहे. प्रोग्राम विंडोजकडे जे मागतो, खिडकी उघड, फाइल वाच, अक्षर काढ, ती प्रत्येक मागणी वाइन स्वतः ऐकते आणि मॅककडून पुरी करून घेते. हे काम १९९३ साली लिनक्ससाठी सुरू झालं आणि १.० आवृत्ती यायला २००८ चा जून उजाडला. पंधरा वर्षं लोकांनी विंडोजचं वागणं बाहेरून बघत बघत हे लिहिलं. आज कोल्हापुरातल्या एका दुकानात पट्टी निघते ती त्या कष्टावर. क्रॉसओव्हर हे वाइनवरच बांधलेलं विकतचं रूप आहे. ते बनवणारी कोडवीव्हर्स ही कंपनी वाइनच्या विकासातही मोठा वाटा उचलते, त्यामुळे तिथे घातलेले पैसे मला सार्थकी लागल्यासारखे वाटतात. चौदा दिवस फुकट वापरून बघता येतं.

बिघाडाचा मजला ओळखायची माझी चाचणी साधी आहे. वाइनबरोबर तिचं स्वतःचं छोटं नोटपॅड येतं. तुमच्या प्रोग्रामच्याच बाटलीत ते चालवून बघा. क्रॉसओव्हरमध्ये 'रन कमांड' घेऊन नोटपॅड असं टाइप केलं की झालं. नोटपॅड उघडलं तर मॅकओएस, रोझेटा, वाइन आणि बाटली ठीक आहेत. दोष प्रोग्राममध्ये, त्याला लागणाऱ्या सुट्या भागांत किंवा डेटात शोधा. नोटपॅडच उघडलं नाही तर प्रोग्रामला हात लावण्यात अर्थ नाही, दोष खाली आहे. या एका चाचणीने माझे कितीतरी तास वाचले आहेत. भाचा दर वेळी प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करत होता आणि दोष दोन मजले खाली होता.

नोटपॅडही उघडत नाही

दिवाणजींचा पहिला फोन या जातीचा होता. मालकांच्या मुलाने पुन्हा घरी आल्यावर मॅक स्वच्छ पुसून मॅकओएस नव्याने टाकली, वाइन आणि बाटली परत ठेवली, आणि आयकॉनवर क्लिक केलं तर आयकॉन एकदा उडी मारून गप्प.

रोझेटा नव्हता. मॅकसाठी मिळणारी वाइन इंटेलच्या सूचनांसाठी बांधलेली असते आणि एम मालिकेच्या चिपला इंटेलच्या सूचना कळत नाहीत. मधला दुभाषी म्हणजे रोझेटा, आणि तो मॅकबरोबर आपोआप आलेला नसतो. पहिल्यांदा इंटेलचं एखादं अ‍ॅप उघडलं की मॅक विचारतो, रोझेटा टाकू का. होय म्हणायचं, पासवर्ड द्यायचा, इंटरनेट चालू ठेवायचं. पण वाइन एखाद्या लाँचरच्या, म्हणजे वाइन चालवून देणाऱ्या वेगळ्या अ‍ॅपच्या, पोटातून चालत असेल तर कधी कधी हा प्रश्न विचारलाच जात नाही आणि सगळं मुकाट्याने बंद पडतं. अशा वेळी कुठलंही दुसरं इंटेलचं अ‍ॅप मुद्दाम उघडा, म्हणजे प्रश्न समोर येईल. अ‍ॅप इंटेलचं आहे की नाही हे बघायला त्यावर एकदा क्लिक करून कमांड-आय दाबा. 'काइंड'च्या ओळीत लिहिलेलं असतं.

दुसरं कारण गेटकीपर. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रत्येक अ‍ॅपवर मॅक एक खूण ठेवतो आणि अ‍ॅपलने तपासलेलं नसेल तर अडवतो. वाइनच्या फुकट मिळणाऱ्या तयार प्रती अनेकदा अशा तपासलेल्या नसतात. मग 'अ‍ॅप खराब झालंय, कचऱ्यात टाका' अशा अर्थाची पाटी येते. ती वाचून लोक खरंच कचऱ्यात टाकतात. बऱ्याच वेळा अ‍ॅप खराब झालेलं नसतं, अडवलेलं असतं. आधी कंट्रोल दाबून क्लिक केलं आणि 'ओपन' म्हटलं की काम व्हायचं; मॅकओएस सिक्वॉयापासून, म्हणजे २०२४ पासून, ती वाट बंद झाली. आता एकदा उघडायचा प्रयत्न करायचा, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबायचं. मात्र हे बटण दाबण्याआधी ते अ‍ॅप खात्रीच्या जागेवरूनच उतरवलंय ना, हे स्वतःला विचारा. वाइनचं नाव घेऊन भलतंच काही देणाऱ्या साइट आहेत.

काही जणांकडे व्हिस्की नावाचा लाँचर असेल. छान होता, मीही बऱ्याच जणांना सुचवला होता. २०२५ मध्ये त्याचं काम थांबलं. चालतोय तोवर चालू द्या, पण मॅकओएसच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो अडायची शक्यता वाढत जाणार. हंगाम नसताना, हातात निवांत वेळ असताना दुसरीकडे हलवून घ्या.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे, म्हणजे जुन्या घडणीचे, प्रोग्राम बंद केले, त्यामुळे 'जुना विंडोज प्रोग्राम आता मॅकवर चालणारच नाही' असं मला अजून कुणीतरी सांगतं. तेव्हा ते खरं होतं. पुढे क्रॉसओव्हरने आणि मग वाइननेही त्यावर मार्ग काढला. ३२ बिटचा विंडोज प्रोग्राम आज चालतो. फक्त वाइन नवी हवी. तुमच्याकडे त्या काळातली जुनी वाइन पडून असेल तर आधी ती बदला. डॉसचे, काळ्या पडद्यावरचे प्रोग्राम ही वेगळी जात आहे. त्यांना डॉसबॉक्स लागतो.

नोटपॅड उघडतं, प्रोग्राम नाही

इथे पाटी नीट वाचणं हाच अर्धा उपाय. एखाद्या डीएलएल फाइलचं नाव असेल तर तो भाग बाटलीत नाही. नावाची सुरुवात 'एमएसव्हीबीव्हीएम' अशी असेल तर व्हिज्युअल बेसिकचा रनटाइम, म्हणजे त्यात लिहिलेले प्रोग्राम चालवणारा भाग, हवाय. आपल्याकडच्या स्थानिक लोकांनी लिहून दिलेल्या प्रोग्रामना बहुतेक वेळा हाच लागतो. डेटाबेस उघडता येत नाही असं म्हणत असेल तर जेट नावाचं इंजिन. 'क्लास नॉट रजिस्टर्ड' म्हणत असेल तर फाइल असेलही, पण रजिस्ट्रीत नोंद नाही, म्हणजे कुणीतरी प्रोग्रामचं फोल्डर नुसतं कॉपी करून आणलंय, सेटअप चालवलेला नाही. हे भाग क्रॉसओव्हरच्या यादीतून किंवा वाइनट्रिक्स या मदतनिसाकडून त्या बाटलीत टाकता येतात. डीएलएल फाइल नावाने शोधून कुठल्याही साइटवरून उतरवू नका. मी दोन मशीन त्यापायी पूर्ण पुसलेली पाहिली आहेत.

'फाइल दुसऱ्या कुणाकडून वापरात आहे' ही पाटी सकाळी सकाळी येत असेल तर रात्रीची आठवण काढा. प्रोग्राम बंद न करता मॅकचं झाकण मिटलं होतं का? खिडकी गेली तरी वाइनच्या प्रक्रिया मागे जिवंत राहतात आणि डेटाची फाइल धरून बसतात. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, वाइन असं शोधा, आणि राहिलेलं सगळं बंद करा. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसशेजारी त्याच नावाची, एलडीबी शेपटीची छोटी फाइल उरलेली दिसेल. प्रोग्राम कुठेही उघडा नाही याची खात्री झाल्यावरच ती काढा.

दिवाणजींचा दुसरा आणि तिसरा फोन मात्र यातला नव्हता. प्रोग्राम उघडायचा आणि 'डेटा सापडत नाही' म्हणायचा. भाच्याने नवी बाटली करताना डेटाचं फोल्डर मॅकच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलं होतं. सापडायला सोपं, हा त्याचा चांगला हेतू. पण तिथे दोन अडचणी एकदम येतात. पहिली, कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्सला हात लावायला प्रत्येक अ‍ॅपला मॅककडून परवानगी लागते. ती पाटी येते तेव्हा कुणी घाईत 'नको' दाबलं की पुन्हा विचारत नाही, आणि बिचाऱ्या विंडोज प्रोग्रामला परवानगी ही भानगडच माहीत नसल्याने तो सरळ म्हणतो फाइल नाही. उपाय 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या 'फाइल्स अँड फोल्डर्स'मध्ये. तिथे तुमच्या लाँचरसमोरची बटणं चालू करा. दुसरी अडचण आयक्लाउड. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडवर ठेवलेले असतील आणि जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर मॅक काही दिवस न उघडलेल्या फाइली उचलून वर नेतो. गेल्या वर्षाचा डेटा उघडायला गेलं की तो वरून खाली यायची वाट बघावी लागते, आणि तेवढ्यात प्रोग्राम कंटाळून बंद पडतो. शिवाय रोज हजार वेळा बदलणारी डेटाबेसची फाइल अशी मागून सिंक होत राहणं धोक्याचंच आहे.

डेटा बाटलीतल्या सी ड्राइव्हवर परत नेला आणि रोजच्या प्रतीची झिप वेगळी ठेवायला लावली. त्या दिवसापासून हा प्रकार परत झालेला नाही.

पाच नोव्हेंबरचा अकरा मे कसा होतो

आता तारखेचं. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि हे नीट समजून घ्या, कारण यात चूक दिसत नाही तोवर डेटा आतून सडत असतो.

दिवाणजी सांगत होते, "स्क्रीनवर बरोबर दिसतंय ताई, ०५/११. पण छापताना मे येतंय." त्यांच्या पट्टीवर महिना अक्षरात छापला जातो, म्हणून तरी कळलं. मी महिन्याच्या पट्ट्या क्रमाने काढून बघितल्या. १ ते १० तारखेच्या चुकलेल्या. ११ ची बरोबर! १२ ची पुन्हा चुकलेली. १३ पासून पुढे सगळ्या बरोबर. अकराच्या पट्टीने मला बराच वेळ चकवलं, आणि शेवटी तिनेच उत्तर दिलं. ११/११ उलटं केलं तरी ११/११ च राहतं.

म्हणजे प्रोग्राम दिवस आणि महिना उलटे वाचत होता, अमेरिकेच्या पद्धतीने, महिना आधी. ०५/११ म्हणजे त्याच्या लेखी मे महिन्याची अकरा तारीख. १३/११ ला तेरावा महिना नसतो, म्हणून व्हिज्युअल बेसिक मुकाट्याने बाजू बदलून बरोबर तारीख लावतो. ही त्याची समजूतदारी इथे घात करते. चूक झाली की थांबला असता तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. आणि स्क्रीनवर दाखवतानाही तो महिना आधीच दाखवतो, त्यामुळे अकरा मे परत ०५/११ असाच दिसतो आणि आपल्याला वाटतं पाच नोव्हेंबर बरोबर पडलाय.

वाइन तारखेची पद्धत स्वतः ठरवत नाही. ती सुरू होताना मॅकची भाषा आणि प्रदेश बघते आणि त्याप्रमाणे विंडोजचा रिवाज लावते. मॅकबुक अमेरिकेतून आलेला. पहिल्या दिवशी तिथे प्रदेश 'युनायटेड स्टेट्स' निवडला गेला, आणि कोल्हापुरात आल्यावर कुणी ते बघितलंच नाही. भाच्याने एकदा बाटलीच्या रजिस्ट्रीत जाऊन तारखेची पद्धत बदलली होती आणि ते काही दिवस चाललंही. पुढची बाटली केली, बदल गेला. मूळ मॅकमध्ये होतं, दुरुस्ती बाटलीत होत होती.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर पुन्हा तेच नोटपॅड. एडिट मेनूतून 'टाइम/डेट' घ्या, किंवा एफएन धरून एफ५ दाबा. आजची तारीख ज्या पद्धतीने उमटेल तीच पद्धत तुमच्या प्रोग्रामला मिळतेय. महिना आधी आला तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'लँग्वेज अँड रीजन', आणि प्रदेश 'इंडिया'. वाइनच्या सगळ्या प्रक्रिया बंद करून परत सुरू करा आणि नोटपॅडमध्ये पुन्हा बघा. प्रदेश बरोबर असूनही नोटपॅड उलटंच दाखवत असेल तर तुमचा लाँचर स्वतःची भाषा लादत असेल. त्याच्या सेटिंगमध्ये भाषेचा पर्याय शोधा.

यानंतर एक गोष्ट घडते आणि तिथे लोक घाबरतात. पद्धत दुरुस्त केल्याबरोबर जुन्या नोंदी स्क्रीनवर उलट्या दिसू लागतात. आतापर्यंत बरोबर दिसत होतं आणि ताईने हात लावल्यावर बिघडलं, असं दिवाणजींनाही वाटलं. बिघडलेलं आधीच होतं, आता फक्त दिसायला लागलं. कृपा करून सेटिंग परत मागे नेऊ नका. तसं केलं तर अर्धा डेटा एका पद्धतीचा आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीचा होईल आणि मग वेगळं करणं फार अवघड.

नोंदी सुधारताना तारखेवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आम्ही पट्टी क्रमांकावर गेलो. क्रमांक सलग असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीचा क्रमांक दिवाणजींच्या हातवहीत होता. त्या दोन क्रमांकांच्या मधल्या ज्या नोंदींची तारीख कुठल्या तरी दुसऱ्या महिन्याची अकरा दाखवते, त्या सगळ्या उलटलेल्या: अकरा जानेवारी म्हणजे एक नोव्हेंबर, अकरा फेब्रुवारी म्हणजे दोन, आणि असंच अकरा डिसेंबर म्हणजे बारा. डिसेंबरच्या नोंदींना हाच हिशेब बारा तारखेचा. प्रत्येक महिन्यात फक्त १ ते १२ एवढेच दिवस तपासावे लागतात आणि त्यातला एक आपोआप बरोबर असतो. दोन दुपारी आम्ही दोघं बसलो, मी वाचायचे आणि ते हातवहीशी ताडून बदलायचे. ज्या शेतकऱ्यांना चुकीच्या पट्ट्या गेल्या होत्या त्यांना मालकांनी नव्या काढून दिल्या, जुन्या परत घेतल्या. हे त्यांनी स्वतःहून केलं, याचं मला मनापासून बरं वाटलं.

मराठी अक्षरं

महाद्वार रोडजवळ लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ताईंकडे वेगळा प्रश्न होता. मॅकवर जुनी पत्रिका उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट असेच असतात. आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट फक्त त्याला 'क' चा चेहरा देतो. फॉन्ट नसला की चेहरा गेला. तोच जुना फॉन्ट मॅकच्या फॉन्ट बुकमध्ये किंवा बाटलीतल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात टाकला की अक्षरं परत येतात. एवढं करूनही काही जोडाक्षरंच बिघडत असतील आणि मॅकची भाषा मराठी ठेवलेली असेल तर ती इंग्रजी ठेवून, प्रदेश मात्र भारतच ठेवून, बघा. असल्या फॉन्टची बरीच अक्षरं पश्चिमी कोडपेजच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्याच्या, वरच्या अर्ध्यात बसवलेली असतात आणि मराठीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेजच नाही.

याउलट अक्षरांच्या जागी चौकोन येत असतील तर मजकूर युनिकोडचा आहे आणि प्रोग्राम मंगलसारखा विंडोजचा फॉन्ट मागतोय. नोटो सान्स देवनागरी टाका आणि वाइनच्या रजिस्ट्रीत मंगलच्या जागी तो वापरायला सांगा. जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरचा कीबोर्ड बाटलीत चालवायच्या मागे मात्र लागू नका. तो विंडोजच्या आत खोल हुक टाकून बसतो आणि वाइनमध्ये त्याचा भरवसा नाही. टाइप मॅकच्या देवनागरी कीबोर्डवरच करा.

जे वाइनमध्ये होणार नाही

ज्या प्रोग्रामला यूएसबीची कुलपाची कांडी, म्हणजे डाँगल, लागते तो मॅकवर वाइनमध्ये चालण्याची आशा धरू नका. डाँगलला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि वाइन हार्डवेअरचे ड्रायव्हर चढवत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचंही तेच. त्याचं मॅकसाठीचं सॉफ्टवेअर टोकन देणाऱ्याकडे मागा. शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापकामाच्या यंत्राला, प्रोग्राम पाठवायचं जुनं सॉफ्टवेअर मात्र चाललं, कारण तिथे नुसता सीरियल पोर्ट होता. यूएसबीतून सीरियल करणारी तार मॅकला ओळखू आली की वाइन तिला कॉम पोर्ट म्हणून पुढे करते. क्रमांक वेगळा लागला तर रजिस्ट्रीत वाइनच्या 'पोर्ट्स' या किल्लीखाली कॉम१ समोर त्या तारेचं मॅकमधलं नाव लिहायचं.

छपाईत फारसं सांगण्यासारखं नाही. मॅकवर जो प्रिंटर छापतो तो वाइनमध्ये आपोआप दिसतो.

खरोखर विंडोजच हवं असेल तर व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची, वाट आहे. त्यात विंडोज टाकावंच लागतं, आणि एम मालिकेच्या मॅकवर ते एआरएमचं, म्हणजे या जातीच्या चिपसाठीचं, विंडोज असतं. बूट कॅम्प, म्हणजे मॅक थेट विंडोजमध्येच सुरू करायची सोय, या चिपवर नाही.

आणि पुढच्या हंगामांचा विचार करणाऱ्यांसाठी: जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण स्वरूपात राहील, त्यानंतर काही जुन्या गेम्सपुरताच. वाइनवाले मार्ग काढतील असं मला वाटतं, कॅटालिनाच्या वेळी काढलाच. पण त्या मॅकबुकवर आपोआप अपडेट होण्याचा मोठा पर्याय मी बंद केलाय, सुरक्षेच्या छोट्या अपडेट तेवढ्या चालू ठेवल्यात. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याच्या आठवडाभर आधी दिवाणजी मला फोन करतात, मी जाते, नोटपॅड उघडून तारीख बघते, एक पट्टी छापून महिना वाचते, आणि बाटलीची ताजी झिप दोन पेनड्राइव्हवर ठेवते. एक दुकानात राहतो, दुसरा मालकांच्या घरी.